हिवतापाचं आरडीटी (झटपट रक्तचाचणी) किट: टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, कितपत चालतं?
गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडच्या टोल्यांवर सूक्ष्मदर्शक कुठला? पावसाळ्यात नाले भरले की रक्ताची काच प्रयोगशाळेत पोचायलाच दिवस जातात. तिथे आशाताईच्या पिशवीतलं हे किट खरंच कामाचं. हिवतापाचा जंतू कुठला, फाल्सिपेरम की व्हायवॅक्स, हे १५-२० मिनिटांत कळतं.

चुका होतात त्या बहुतेक घाईत. रक्त फक्त ५ मायक्रोलिटर लागतं. जास्त पडलं तर पट्टी लालभडक राहते आणि पुसट रेघ दिसत नाही. बफरचे (किटसोबतच्या द्रावणाचे) थेंब पाकिटावर छापलेत तेवढेच टाकायचे, दुसऱ्या कंपनीची बाटली मुळीच नको. पाकीट फोडलं की लगेच वापरा, दमट हवेत पट्टी बिघडते. ‘सी’ची (कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालल्याची) रेघ उमटली नाही तर चाचणी बाद, बाकी रेघा कितीही ठळक असोत. अर्ध्या तासानं पाहिलेला निकालही धरू नये.

एक मोठी उणीव: फाल्सिपेरमची रेघ उपचारानंतरही काही आठवडे येत राहू शकते. म्हणून महिनाभरात पुन्हा ताप आला तर काचच घ्यावी (हे फार जण विसरतात). किट मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. वेष्टनावरची तापमानाची मर्यादा तिथे सहज ओलांडली जाते.