लॅबचं पिल्लू घेतलं: ब्रीडरला ५ पैकी साडेचार, त्याने दिलेल्या खाण्याला दीड

ब्रीडरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कौतुक पण त्याचंच आहे आणि तक्रार पण त्याचीच. पिवळी लॅब्रेडॉर, मादी. पिल्लू दाखवायची, निवडू द्यायची पद्धत एक नंबर, आणि त्याच माणसाने खाण्याबद्दल दिलेला सल्ला एकदम भंगार, म्हणून मार्क वेगवेगळे.

आधी बऱ्याच जणांना फोन केले होते, सगळे पहिल्याच वाक्यात "पेपरवालं आहे" म्हणायचे. आता पेपर म्हणजे काय तर पिल्लाचे आई-बाप, आजी-आजोबा कोण याची नोंद. त्यातून सांधे कसे आहेत, डोळे कसे आहेत काही कळत नाही. आजोबा चॅम्पियन असले तरी नातीचे खुबे ढिले निघू शकतात. लॅबमध्ये हिप आणि एल्बो डिस्प्लेशिया (खुब्याचा किंवा कोपराचा सांधा नीट न बसणं) हा मोठा प्रॉब्लेम, आणि आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून तो ओळखता येत नाही, म्हणून आई-बापाचे एक्सरे झालेत का हे विचारायचं. हे विचारलं की बाकीचे लोक "आमच्याकडे आजपर्यंत कोणाची तक्रार नाही" म्हणून विषय बदलायचे. या ब्रीडरने न मागता दोघांचे रिपोर्ट समोर ठेवले. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही खुब्यांचा मिळून ० ते १०६ असा स्कोअर देतात, जितका कमी तितकं चांगलं, आणि कोपराला ० ते ३. वर स्कॅनर आणून आईच्या मायक्रोचिपचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवून दाखवला. दुसऱ्याच कुत्र्याचा रिपोर्ट दाखवणारे पण असतात म्हणे.

सगळ्यात जास्त आवडलं ते डीएनए टेस्टचं. आई ईआयसीची कॅरियर आहे, म्हणजे तिच्यात एक खराब जीन आहे पण तिला स्वतःला आजार नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं (या आजारात कुत्रा जोरात धावला की मागचे पाय लुळे पडून कोसळतो). पण नर क्लिअर आहे, त्याच्यात तो जीन नाही, आणि हा आजार व्हायला दोन्हीकडून खराब जीन यावा लागतो, त्यामुळे पिल्लांना आजार होणार नाही, फार तर काही कॅरियर निघतील. लपवता आलं असतं, लपवलं नाही. पीआरएचा, म्हणजे डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होण्याच्या आजाराचा, रिपोर्ट पण होता. जात वेगळी असेल तर टेस्ट वेगळ्या, उदाहरणार्थ डाल्मेशियनमध्ये बहिरेपणा असतो तर बीएईआर नावाची ऐकू येण्याची टेस्ट विचारा. पग किंवा फ्रेंच बुलडॉग घेणार असाल तर आई-बाप थोडं पळून आल्यावर श्वास कसा घेतात ते समोर उभं राहून बघा.

पिल्लं आईसोबतच होती आणि आई अनोळखी माणसाजवळ शेपूट हलवत आली. आई दाखवत नाहीत तिथून सरळ निघा, कारण काही असो. आम्हाला खायच्या वेळेलाच बोलावलं होतं, बरोबर आहे, एरवी पिल्लं दिवसभर झोपलेली असतात आणि झोपलेलं पिल्लू सगळंच गोंडस. डोळे-नाक स्वच्छ, कानाला वास नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, बेंबीपाशी गाठ नाही, चालताना मागचे पाय लचकत नाहीत, हे बघून घेतलं. पोट ढोलासारखं टम्म असेल तर त्याला बाळसं समजू नका, बहुतेक वेळा जंत असतात (गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लाला लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून औषध सुरू करतात). कोपऱ्यात एकटं बसलेलं एक पिल्लू होतं, बायकोचा जीव त्याच्यावर जडला, पण ब्रीडरच म्हणाला ते आधी डॉक्टरला दाखवतो मग बघू. आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू हातात दिलं नाही, आम्ही थोडी घासाघीस करून पण नाही.

आता खाणं. निघताना सोबत कुत्र्याच्या खाण्याची एक मोठी पिशवी, एक कॅल्शियमचं सिरप आणि सल्ला: "मोठी जात आहे, हाडं मजबूत व्हायला पाहिजेत, मागेल तेवढं द्या." एवढं सगळं शास्त्रशुद्ध करणारा माणूस हे कसं बोलतो! साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, दिलं की शोषलं जातं, आणि मोठ्या जातीत त्यानेच हाडं-सांधे बिघडतात. सिरप आमच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या बंद करायला सांगितलं. पिशवीवर "सर्व वयाच्या कुत्र्यांसाठी" एवढंच होतं आणि कॅल्शियम फक्त "किमान" इतकं असं छापलेलं, जास्तीत जास्त किती याचा पत्ताच नाही. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला आफकोच्या (जनावरांच्या खाण्याचे निकष ठरवणारी अमेरिकन संघटना) निकषानुसार पाणी वजा करून १.२ ते १.८ टक्के पाहिजे. मग कंपनीला मेल टाकला, उत्तर नाही. शेवटी लेबलवर "मोठ्या जातींच्या वाढीसह" असं स्पष्ट लिहिलेलं दुसरं किबल (कोरडं दाणेदार खाणं) आणलं, आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदललं, शी एकदम व्यवस्थित राहिली. ग्रेन-फ्रीच्या (धान्य नसलेल्या खाण्याच्या) नादी लागलो नाही, २०१८ पासून अमेरिकेच्या एफडीएने तसलं खाणं आणि हृदयाचा डीसीएम आजार यांचा संबंध तपासला, पक्कं काही सिद्ध झालं नाही पण मग उगाच जास्त पैसे कशाला.

आणि "मागेल तेवढं" हे लॅबच्या बाबतीत तर बोलूच नये. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडाच नसतो आणि त्याची भूक जास्त असते, तो मागतच राहणार. प्युरिना या कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीचा ४८ लॅबवरचा अभ्यास २००२ साली छापून आला, त्यात जोडीतल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाल्लेली कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि सांधे पण उशिरा दुखायला लागले. आम्ही वाटीने नाही, काट्यावर ग्रॅममध्ये मोजतो, आधी दिवसाचे चार भाग, नंतर तीन, सहा महिन्यांनंतर दोन. पिशवीवरचा तक्ता फक्त सुरुवातीला बघायचा, नंतर हाताने, बरगड्या बोटाला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. येणारे जाणारे "बारीक आहे हो" म्हणतात, म्हणू देत. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, झायलिटॉलवालं (शुगर-फ्री गोष्टींत असतं) काहीही, हे कुत्र्याला विषारी, देऊ नका म्हणून पाहुण्यांना दारातच सांगतो.

ब्रीडरचा अर्धा मार्क कापला तो फोटो कधीच वेळेवर पाठवत नाही, फोन उचलत नाही आणि वेटिंग लांबलचक आहे म्हणून. घाई असेल तर तिकडे जाऊ नका. जाणार असाल तर फुकटची पिशवी घ्या, नवीन खाण्यात मिसळून बदलायला तेवढीच उपयोगी पडते, सिरप मात्र तिथेच परत करा.