चांदी भरलेली काच: हवेत तापवायची की हायड्रोजनमध्ये?

सोडियम नायट्रेटमध्ये थोडं सिल्व्हर नायट्रेट घालून वितळवायचं आणि ३२५ अंश सेल्सिअसला मायक्रोस्कोपची साधी काचपट्टी त्यात तासभर बुडवायची. काचेतला सोडियम बाहेर पडतो, त्याच्या जागी चांदीचे आयन बसतात. धुतलेली पट्टी जवळपास पहिल्यासारखीच दिसते. इथवर सगळ्यांचं सारखं. पुढे काय हवंय, त्यावर भट्टी ठरते.

वेव्हगाइड, म्हणजे काचेत प्रकाश वाहून नेणारी वाट, करायचा असेल तर भट्टीला जपूनच हात लावा. चांदीमुळे पृष्ठभागाचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते याचं माप) वाढलेला असतो. पट्टी तापवली की चांदी आत पसरते, थर खोल होतो, पण वरचा अपवर्तनांक उतरतो. त्यात रंग धरला तर प्रकाश वाटेतच शोषला जातो.

पिवळा रंगच हवा असेल तर हवेत ५०० ते ५५० अंश. काचेतल्या लोहासारख्या अशुद्धींकडून आयनांना इलेक्ट्रॉन मिळतात, अणू एकत्र येऊन नॅनोकण होतात, आणि वर्णपटात ४१० ते ४२० नॅनोमीटरला शोषणाचं शिखर उगवतं. दर तासाला पट्टी काढून आलेख घ्या, मजा येते: शिखर उंच होत जातं आणि अरुंदही, जागा मात्र फारशी सोडत नाही. इवल्या कणात इलेक्ट्रॉन सारखे भिंतीवर आपटतात म्हणून शिखर आधी पसरट असतं. कण वाढला की आपटणं कमी होतं. अतिनील दिव्याखालची चमक हवी असेल तर लवकर थांबा. ती आयनांची आणि अगदी छोट्या पुंजक्यांची असते, कण मोठे झाले की मावळते. ६०० अंशांकडे जाऊ नका, पट्टी लवते.

हायड्रोजनमिश्रित वायूत हेच काम कमी तापमानाला, झपाट्याने होतं. पण कण पृष्ठभागालगत दाटीने जमतात. रंग पिवळ्यावरून तपकिरी होतो, कधी धातूसारखी झाकही येते. एमएस्सीच्या प्रकल्पाला मी हवाच सुचवेन. वेळ लागतो, पण काय घडतंय ते टप्प्याटप्प्याने दिसतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. माझ्या पहिल्या पट्टीची एकच बाजू गडद झाली आणि मी दोन दिवस भट्टीला दोष देत बसलो. काच फ्लोटची होती. तयार होताना जी बाजू वितळलेल्या कथिलावर तरंगते, तिथलं कथिल चांदीला इलेक्ट्रॉन पुरवतं. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ती बाजू दुधाळ चमकते. बुडवण्याआधीच तिच्या कोपऱ्यावर हिरकणीच्या पेनाने खूण करून ठेवा.