फॉगल्स, हूड की एलसीडी व्हायझर: ढगात सापडल्यावरचा सराव कशाने होतो?

विद्यार्थी वैमानिकाच्या बॅगेत लॉगबुक, नकाशे आणि हेडसेटच्या जोडीला एक वस्तू असते: वरचा भाग दुधी केलेला प्लॅस्टिकचा चष्मा, म्हणजे फॉगल्स. तो घातला की समोरचं घड्याळांचं पॅनेल दिसतं, बाहेरचं आकाश आणि जमीन दिसत नाही. फ्लाइंग स्कूलच्या कपाटात असे एक-दोन असतातच, त्यामुळे पुण्यातून ट्रेनिंगला जाणारी बरीच मुलं विचारतात की स्वतःचा घ्यायची गरज आहे का. आमचं मत आधीच सांगतो. घ्या, वस्तू स्वस्त आहे आणि कामाची आहे. पण ती अर्धाच धडा शिकवते, आणि जीव जातात ते बहुतेक उरलेल्या अर्ध्यामुळे.

हा सराव लागतो कशासाठी, ते नीट समजून घ्या. बाहेर बघून उडणारा वैमानिक ढगात किंवा दाट धुक्यात शिरला की त्याचं क्षितिज जातं आणि तोल सांभाळायला कानच उरतात. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळण सुरू झाल्याचं कळवतो, पण वळण एकसारखं चालू राहिलं तर साधारण २० सेकंदांत तो नलिकेच्या गतीला येतो आणि वळण थांबल्यासारखं वाटतं. विमान खूप हळू कललं तर कानाला पत्ताही लागत नाही. कललेल्या विमानाचं नाक खाली जातं, वेग वाढतो, वैमानिक स्टिक (नियंत्रणाची दांडी) मागे ओढतो. पंख सरळ नसल्यामुळे ती ओढ विमानाला वर नेत नाही, वळण आणखी घट्ट करते. यालाच ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे फक्त पॅनेलवरची घड्याळं बघून, उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांवर प्रयोग केला. बाहेरचं दृश्य बंद केल्यावर विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले, आणि त्यातले १९ जण याच स्पायरलमध्ये गेले.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे तसं उडण्याचा परवाना, असलं म्हणून सुटका होते, असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांना घेऊन जाणारं हेलिकॉप्टर लॉस एंजेलिसजवळ कोसळलं. त्याच्या वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं. आपण ४,००० फुटांवर चढतो आहोत, असं तो कंट्रोलरला सांगत असताना हेलिकॉप्टर प्रत्यक्षात डावीकडे वळत खाली येत होतं.

आता वस्तूकडे वळू. फॉगल्समध्ये सगळ्यात महत्त्वाची असते दुधी आणि पारदर्शक भागांमधली रेघ. ती जास्त वर असली तर ग्लेअरशील्डच्या (पॅनेलवरच्या छज्जाच्या) वरून जमिनीची पट्टी दिसते, आणि डोळा नकळत तिथे जातो. फार खाली असली तर पॅनेल बघायला मान मागे टाकावी लागते. ढगात मान हलवणं वाईटच, कारण वळणात असताना डोकं झटकन वर-खाली केलं की एकाच वेळी दोन नलिका ढवळतात आणि विमान गरगरल्यासारखं वाटतं. जुन्या घड्याळी पॅनेलच्या सेस्ना विमानामध्ये आर्टिफिशियल होरायझन (विमान किती कललं ते दाखवणारं घड्याळ) जिथे असतो आणि काचेच्या (स्क्रीनवाल्या) पॅनेलच्या विमानात जिथे असतो, त्या जागा सारख्या नसतात. म्हणून एका विमानात बरोबर बसलेले फॉगल्स दुसऱ्यात उघडे पडू शकतात. घेण्याआधी आपल्या सीटवर, नेहमीच्या उंचीला बसून घालून बघा.

दुसरा दोष दांड्यांचा. जाड दांडी हेडसेटच्या कुशनखाली गेली की सील तुटतं, इंजिनाचा आवाज आत येतो आणि तासाभराच्या सॉर्टीनंतर कानामागे ठणकायला लागतं. पातळ, चपट्या दांडीचे फॉगल्सच घ्या. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर अडकणारा क्लिपवाला प्रकार बरा. दोन दांड्या एकावर एक चढवू नका.

तिसरा दोष बारीक आहे, पण खरा घात तोच करतो. दुधी भागातूनही प्रकाश येतो. वर उजेड, खाली काळपट, एवढ्यावरून मेंदू अंदाजे क्षितिज रचतो. त्यातून ऊन असेल तर खिडकीच्या पट्टीची सावली पॅनेलवरून सरकते आणि विमान वळतं आहे हे फुकटात कळतं. ढगात सगळीकडून सारखाच पांढरा उजेड असतो, सावली पडतच नाही. उन्हात फॉगल्स घालून छान उडवणाऱ्याला ढगात तसंच जमेल, हे गृहीत धरू नका. उपाय सोपा आहे. दुधी भागावर आतून काळी मॅट टेप लावा, बाजूच्या फटीही झाका, आणि सराव शक्यतो ऊन तिरपं नसताना करा.

हूड, म्हणजे टोपीच्या पुढच्या भागासारखं डोक्यावर बसणारं झाकण, बाजूची नजर फॉगल्सपेक्षा चांगलं अडवतं. पण ते हेडसेटच्या पट्टीशी भांडतं, आणि त्यातून बघण्यासाठी मान खाली झुकवून ठेवायची सवय लागते. चष्मेवाल्यांनी याचा विचार करावा, बाकीच्यांना आम्ही सुचवणार नाही.

पैसे वाचवायचे असतील तर घरीही करता येतात. रविवार पेठेत बोहरी आळीतून पारदर्शक सेफ्टी गॉगल आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणा. विमानात सीटवर बसा, सरळ समोर बघा, आणि ग्लेअरशील्डच्या वरच्या कडेशी जुळेल अशी रेघ मित्राला स्केचपेनने काचेवर मारायला सांगा. दोन्ही डोळ्यांची रेघ वेगवेगळी मारा, चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. घरी येऊन रेघेखालच्या भागावर मास्किंग टेप लावा आणि वरचा भाग आतून-बाहेरून गोल गोल घासा. काचेमागे धरलेलं वर्तमानपत्राचं शीर्षक वाचता येईनासं झालं की झालं. टेप काढताना खालच्या भागावर डिंक राहिला तर साबणाच्या पाण्याने काढा. थिनर लावलात तर प्लॅस्टिक धुरकट होईल आणि सगळी मेहनत वाया जाईल.

फॉगल्स घालून एकट्याने उडायचं नाही. शेजारी बाहेर लक्ष ठेवणारा इन्स्ट्रक्टर हवाच.

सरावाचा गाभा म्हणजे १८० अंशांचं वळण. ढगात शिरलात की लगेच वळायला जाऊ नका. आधी आर्टिफिशियल होरायझनवर पंख सरळ करा, पकड दोन बोटांची ठेवा, पॉवरला (इंजिनाच्या जोराला) हात लावू नका. क्रूझला ट्रिम केलेलं, म्हणजे सरळ उड्डाणात हात न लावता स्थिर राहील असं लावलेलं, विमान आपला वेग आपण बऱ्यापैकी धरून ठेवतं. मग परतीचं हेडिंग (दिशेचे अंश) काढा: २०० मिळवून २० वजा करा, किंवा २०० वजा करून २० मिळवा. २४० वर असाल तर ०६०. १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाला सुमारे १५ अंश कलवलं की सेकंदाला ३ अंश वळतं, म्हणजे एका मिनिटात तोंड फिरतं. त्या मिनिटात नजर होरायझनवरून उंचीवर, परत होरायझनवर, मग हेडिंगवर, परत होरायझनवर अशीच फिरली पाहिजे. एकाच घड्याळावर नजर खिळली की बाकीची हातची जातात. हे जमल्यावर रेडिओ. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगायला लाजू नका, पण पंख सरळ होण्याआधी माइकचं बटण दाबू नका.

स्पायरलमधून बाहेर येण्याचा क्रमही फॉगल्स घालून पक्का करून घ्या. वेग वाढतो आहे आणि उंची पडते आहे असं दिसलं की पॉवर पूर्ण कमी (इंजिन बंद नव्हे), पंख सरळ, आणि मगच नाक हळूहळू वर. आधी नाक ओढलं तर वळण आवळतं आणि पंखांवरचा भार वाढतो. इन्स्ट्रक्टरला सांगून विमान वेड्यावाकड्या स्थितीत टाकून घ्या, डोळे मिटून बसा, मग उघडून सावरा. एक-दोन वेळा होरायझनवर कागद चिकटवून फक्त टर्न कोऑर्डिनेटरवरही (वळण दाखवणाऱ्या घड्याळावरही) करा. बऱ्याच जुन्या विमानांत होरायझन व्हॅक्यूम पंपावर चालतो आणि टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. पंप गेला तर तोच हाताशी राहतो.

इथपर्यंत फॉगल्स उत्तम. पण फॉगल्स घालायची वेळ इन्स्ट्रक्टर सांगतो. 'घाल' म्हटलं की अंधार, 'काढ' म्हटलं की उजेड. खराब हवा अशी येत नाही. दहा किलोमीटर दिसत होतं ते आठ होतं, मग पाच, मग समोरच्या डोंगराचा माथा गायब, आणि या सगळ्या वेळात वैमानिक 'अजून दिसतंय की' म्हणत पुढे जातो. परत फिरायचा निर्णय फॉगल्स शिकवूच शकत नाहीत.

ही उणीव भरायला आता एलसीडी फिल्मचे व्हायझर निघालेत. आयकॅरस हा त्यातला माहितीतला. इन्स्ट्रक्टर मोबाइलवरून काच हळूहळू धुरकट करत जातो, विद्यार्थ्याला सांगत नाही. कल्पना म्हणून ही फॉगल्सच्या कितीतरी पुढची आहे, आणि स्कूलने विकत घ्यावी अशी आहे. विद्यार्थ्याने एकट्याने घ्यायला महाग. तोपर्यंत घरच्या सिम्युलेटरवर हा भाग करता येतो: एक्स-प्लेनसारख्या प्रोग्राममध्ये मित्राला दृश्यता कमी करत जायला सांगा आणि तुम्ही कुठे वळता ते लिहून ठेवा. सिम्युलेटर कानाला फसवत नाही, पण निर्णयाची सवय लावतो.

वळायचं कुठे, ते मात्र जमिनीवर असतानाच ठरवा. दहा हजार फुटांखाली आपल्याकडे बाहेर बघून उडायला ५ किलोमीटर दृश्यता लागते, आणि ढगापासून आडवं १,५०० मीटर, उभं ३०० मीटर अंतर. १०० नॉटला ५ किलोमीटर म्हणजे जेमतेम ९७ सेकंद. त्याच वेगाला १५ अंशांच्या वळणाचा व्यास जवळजवळ २ किलोमीटर भरतो. मुळशी किंवा वेल्ह्याकडच्या दऱ्या डोळ्यांसमोर आणा. मधोमध उडत असाल तर वळायला निम्मीच रुंदी उरते. दरी शक्यतो वारा ज्या कडेकडे ढकलतो त्या कडेने धरा, म्हणजे वळताना वाऱ्यावर तोंड येतं आणि वळण आखूड होतं.

पुण्याच्या मेटारमधून, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालातून, आणखी एक हिशेब निघतो. तापमान आणि दवबिंदू यांच्यातला दर एक अंश फरक म्हणजे ढगांचा पाया जमिनीपासून साधारण ४०० फुटांवर. २५ आणि २३ असेल तर ८०० फूट. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर, म्हणजे पाया २,७५० च्या आसपास. सिंहगडाचा माथा आहे ४,३०० फुटांवर. पावसाळ्यात हा फरक दोनावर आला की पश्चिमेकडचं क्रॉस-कंट्री (लांबचं सराव उड्डाण) रद्द, त्यावर वाद नको. आणि हवेत असताना जमीन दिसत राहावी म्हणून दुसऱ्यांदा उंची सोडावी लागली, तर तिथूनच परत फिरा. घाटात ढगाखाली राहण्यासाठी खाली जाणं म्हणजे डोंगराकडे जाणं.

खरेदीचं सांगायचं तर नंबर नसलेल्यांनी पातळ दांडीचे फॉगल्स घ्यावेत, चष्मेवाल्यांनी क्लिपवाला, आणि हाताने काम करायची आवड असलेल्यांनी बोहरी आळी गाठावी. कुठलाही घेतलात तरी पहिल्याच दिवशी काळी टेप लावा आणि वेगळ्या पाकिटात ठेवा. बॅगेत चाव्यांबरोबर टाकला तर खालचा पारदर्शक भाग महिन्याभरात वरच्यासारखाच दुधी होतो, आणि मग पॅनेलही दिसत नाही.