टाइल्सच्या मागे काय घातलंय ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

आमचं बाथरूम करून देताना ज्याने आम्हाला फसवलं, तो ठेकेदार अजून आमच्या भागात नवी कामं घेतोय. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबागपासून खानापूर रोडपर्यंत कुणीही जुन्या घरात बाथरूम करून घेणार असेल, तर त्यांनी हे वाचावं.

आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांसारखी आमच्या घराची मांडणी: खाली साड्या विणायचा माग, वर राहणं आणि न्हाणी मागच्या परड्यात. पावसाळ्यात ओल्या पायऱ्या उतरून परड्यात जाणं सासूबाईंना गुडघ्यांमुळे जमेना. म्हणून वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीला लागून कमोड आणि न्हाणी एकत्र करायचं ठरलं. मागणी साधी होती. पाय घसरू नये, धरायला भक्कम दांडा असावा, दार बाहेर उघडावं म्हणजे आत कुणी पडलं तर दाराला अडकणार नाही, आणि आंघोळीची जागा कमोडपासून थोडी खाली असावी म्हणजे पाणी पसरणार नाही.

ओळखीतून एक जण आला. सगळं धरून एक लाख पंचावन्न हजारांचं पॅकेज. मोबाइलमध्ये झालेल्या कामांचे फोटो, पिशवीत नावाजलेल्या कंपनीच्या पाइपचा तुकडा, वॉटरप्रूफिंगच्या केमिकलचा डबा. "आक्का, काय बी काळजी करू नकासा, वीस वर्षं बघायला नको," असं म्हणाला. निम्मे पैसे आधी, बाकीचे टाइल्स लागताना आणि काम संपल्यावर. पावती दिली ती साध्या वहीच्या कागदावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल.

काम सुरू झाल्यावर त्याने दाराला प्लास्टिकचा पडदा बांधला. धूळ घरात नको, म्हाताऱ्या माणसाला खोकला होईल, असं कारण दिलं. ते इतकं पटण्यासारखं होतं की आमच्या शेजारणीने त्याचं कौतुक केलं. त्या पडद्याआड पाइप टाकून, बुजवून, वर टाइल्स बसवून झाल्या. मे महिन्यात चकचकीत बाथरूम तयार झालं आणि त्याने शेवटचा हप्ता नेला.

जूनमध्ये खालच्या मागाच्या खोलीत छताला ओल आली. फोन केला तर म्हणाला, पावसाची ओल आहे, सगळ्या बेळगावात आलीय, दिवाळीनंतर वाळेल. ही थाप आमच्याकडे हमखास चालते, कारण आमच्याकडच्या पावसात ओल कुणालाच नवी नाही. दिवाळी झाली, पाऊस कधीच गेला होता, आणि आता थेंब सरळ मागावर चढवलेल्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, पडायला लागले. रंगीत रेशमावर डाग पडले, एका साडीचा ताणा पूर्ण वाया गेला. फोन उचलणं तोपर्यंत बंद झालं होतं.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो पाण्याचा नाही. एके सकाळी कमोडवरून उठताना सासूबाईंनी दांडा धरला आणि तो भिंतीतून निघून हातात आला. मी शेजारीच उभी होते म्हणून त्या पडल्या नाहीत. बघितलं तर दोन बारीक स्क्रू, तेही टाइलच्या मागच्या पोकळीत प्लास्टिकच्या गिट्टीवर अडकवलेले. विटेपर्यंत पोहोचलेच नव्हते. ऐंशीच्या घरातलं माणूस ज्या दांड्यावर सगळा भार टाकणार, तो या माणसाने टॉवेल अडकवायच्या खुंटीसारखा लावला होता. दांडा लांब स्क्रूने आणि अँकर फास्टनरने, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने, विटेत किंवा काँक्रीटमध्ये जायला हवा. बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने लोंबकळून तो तपासायला हवा.

मग आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या मेस्त्रींना बोलावून फरशी फोडली. त्यांनी एकेक गोष्ट काढून दाखवली.

वॉटरप्रूफिंग केलेलंच नव्हतं. केमिकलचा डबा फक्त दाखवायला होता. खाली नुसती वाळू-सिमेंट आणि त्यावर टाइल. मेस्त्री म्हणाले, वॉटरप्रूफिंग झालं की नाही हे कळायचा एकच मार्ग आहे. टाइल बसवायच्या आधी नळी बोळ्याने बंद करून दोन-तीन बोटं पाणी साठवायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची, कमीत कमी चोवीस तास, जमलं तर दोन दिवस ठेवायचं, आणि खालचं छत बघायचं. हे पाणी साठवायला जो तयार होत नाही, त्याला पुढचा हप्ता द्यायचा नाही.

कमोडचा पाइप हलका निघाला. संडास-सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक आय. एस. 13592 आहे आणि त्यात दोन प्रकार येतात. टाइप ए हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपसाठी, टाइप बी मैला आणि सांडपाण्यासाठी. 110 मिलिमीटरच्या पाइपात ए ची भिंत किमान 2.2 मिलिमीटर असते, बी ची 3.2. आम्हाला दाखवलेला तुकडा बी होता, पुरलेला पाइप ए. पाइपवर हे छापलेलं असतं, पण पुरल्यावर कोण वाचणार? जोडाला पाइप चिकटवायचं सोल्यूशनही लावलेलं नव्हतं, नुसता एक पाइप दुसऱ्यात ढकललेला. पाणी गळत होतं ते तिथूनही.

गीझरच्या गरम पाण्यालाही थंड पाण्याचाच साधा पीव्हीसी पाइप वापरला होता. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो. साधा पाइप उकळत्या पाण्याने मऊ पडतो आणि जोड सुटतात.

नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीच्या जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं, उथळ आणि स्वस्तातला. ट्रॅपमध्ये पाच सेंटिमीटर तरी पाणी कायम उभं राहिलं पाहिजे, त्यानेच गटाराची घाण हवा अडते. आमच्यात जेमतेम बोटभर राहायचं, ते लवकर आटायचं, आणि आम्ही फिनाईल ओतत बसायचो. फरशीला ढाळही उलटा, दाराकडे. मीटरला एक सेंटिमीटरच्या आसपास ढाळ जाळीकडे हवा. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं बघणं, एवढंच काम आहे. आणि खाली लावलेल्या टाइल्स भिंतीच्या होत्या, गुळगुळीत. भिंतीच्या सिरॅमिक टाइल पाणी जास्त शोषतात आणि पायाखाली घसरतात. जमिनीला खरखरीत, अँटिस्किड लिहिलेल्याच घ्या, आणि दुकानात त्यावर पाणी टाकून अनवाणी पाय ठेवून बघा.

शेवटी वायरमनने गीझरचा सॉकेट उघडला. तीन भोकं होती, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर, माझी सासू आणि माझी मुलं सहा महिने त्या गीझरखाली आंघोळ करत होती. हे लिहितानाही अंगावर काटा येतो. कोणतंही नवं बाथरूम वापरायच्या आधी स्वतःच्या ओळखीच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. ठेकेदाराच्या वायरमनवर विसंबू नका.

आम्ही दुसऱ्या नंबरवरून त्याला गाठलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "मी महाराष्ट्रातला, तिकडं येऊन केस घाला." सीमाभागात ही धमकी बऱ्याच जणांना गप्प बसवते. कोर्टकचेरीसाठी परराज्यात कोण जाणार? पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ठेकेदार सीमेच्या कुठल्याही बाजूचा असो, बेळगावात राहणारा माणूस बेळगावच्या जिल्हा आयोगातच जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. म्हणूनच "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्याची वाट बघत बसू नका. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारता येतं. आमची तक्रार दाखल झाली आहे. वहीची पावती, बँकेतून गेलेल्या हप्त्यांची नोंद, फोडलेल्या फरशीचे आणि पाइपवरच्या छापाचे फोटो जोडले आहेत. मेस्त्रींनी मापासकट लिहून दिलेला कागदही आहे. एक हप्ता रोखीने गेला होता, त्याचा पुरावा उभा करताना मात्र फार त्रास होतोय. म्हणून प्रत्येक रुपया बँकेतून द्या.

दुसऱ्यांदा काम करताना मेस्त्रींनी पडदा बांधला नाही. पाइप उघडे असताना आम्हाला बोलावून फोटो काढायला लावले, पाणी दोन दिवस साठवलं, खालचं छत कोरडं दिसल्यावरच टाइल्सला हात घातला. पैसे एकूण जास्त गेले, माग तेवढे दिवस बंद राहिले, याचा हिशेब तक्रारीत घातला आहे.

आमच्या बाथरूमचे मे महिन्यातले फोटो तो माणूस अजून नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो, हे आम्हाला शहापुरातल्या एका नात्यातल्या बाईंनी सांगितलं. फिकट निळ्या टाइल्स, खिडकीखाली पांढरा पट्टा आणि कमोडच्या उजव्या हाताला स्टीलचा दांडा. असा फोटो कुणी दाखवला, किंवा कुठल्याही ठेकेदाराने कुठलाही फोटो दाखवला, तर त्या घराचा पत्ता मागा. तिथे जा, आणि बाथरूमच्या खालच्या खोलीचं छत दाखवा म्हणून घरच्यांना विनंती करा.