जमिनीवरचा २४ फुटी स्विमिंग पूल : दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही न्यू जर्सीत एडिसनला घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणात हा पूल आधीपासूनच होता. गोल, २४ फूट व्यासाचा, ५२ इंच उंच पत्र्याच्या भिंतीचा, वर हिरवं झाकण ताणून बसवलेलं. आधीच्या मालकांनी एवढंच सांगितलं की मुलं दर उन्हाळ्यात पोहायची आणि आतलं लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारं प्लास्टिकचं अस्तर, दहाएक वर्षांचं असेल. मी पोहू शकते, पण पूल सांभाळणं म्हणजे काय याची मला काहीही कल्पना नव्हती. आता दोन उन्हाळे संपलेत, परवाच पूल हिवाळ्यासाठी बंद केला. असा पूल पहिल्यांदाच ज्यांच्या पदरात पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मला जे सुरुवातीला कळायला हवं होतं ते फार उशिरा कळलं.

माझं मत आधीच सांगते. पूल ठेवा, जरूर ठेवा. पण पहिले पैसे पाणी मोजायच्या चांगल्या किटवर घाला, बाकी सगळं त्यानंतर.

आमच्या पूलमध्ये चार फूट पाणी असतं, म्हणजे साधारण १३,५०० गॅलन, ५१ हजार लिटर. हा आकडा मी पंपाच्या पेटीवर लिहून ठेवलाय, कारण कुठलंही औषध किती घालायचं याचा हिशेब त्यावरून होतो. पहिल्या वर्षी मला तो माहीत नव्हता. तेव्हा माझी पद्धत सोपी होती: तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या तीन इंची गोळ्या टाकायच्या, आठवड्याला कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा. जून छान गेला. जुलैत चार दिवस आम्ही बाहेरगावी गेलो आणि परतलो तर पाणी मेथीची भाजी उकळल्यासारखं हिरवं. पट्टी मात्र क्लोरीन आहे असंच सांगत होती. पूलच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन गेले, तर त्यांनी शेवाळ मारायचं, पाणी चमकवायचं, फॉस्फेट काढायचं अशी चार बाटल्यांची पिशवी हातात दिली. तीन आठवडे मी ते घालत राहिले, रंग काही हलला नाही.

खरं कारण त्या गोळ्यांमध्येच होतं. त्या ट्रायक्लोर नावाच्या रसायनाच्या असतात. त्यातलं क्लोरीन वापरून संपतं, पण सोबतचं सायन्युरिक ॲसिड पाण्यातच राहतं. हे ॲसिड थोडं लागतंच. ते नसेल तर ऊन काही तासांत क्लोरीन खाऊन टाकतं. पण ते साठत गेलं की क्लोरीनला धरून ठेवतं, मग क्लोरीन असूनही त्याचा जोर चालत नाही. आणि ते ना उन्हाने जात, ना फिल्टरने. गोळ्यांमधून १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जमा होतं. आधीच्या मालकांची कित्येक वर्षं आणि माझे दोन महिने, सगळं त्या पाण्यात साठून होतं.

हे कळलं ते पाणी मोजायचं टेलर कंपनीचं के-२००६ किट घेतल्यावर. क्लोरीनची तपासणी मला फार आवडते. छोट्या नळीत १० मिलिलिटर पाणी, त्यात दोन चिमुकले चमचे पूड, की पाणी गुलाबी होतं. मग थेंब मोजत औषध घालायचं, नळी हलवत राहायचं, आणि एका थेंबाला गुलाबी रंग एकदम नाहीसा होतो. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. यात रंग जुळवत बसणं नाही, संध्याकाळच्या उजेडात अंदाज बांधणं नाही. सायन्युरिक ॲसिडचं माप वेगळं: उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो, पाणी आणि औषधाचं गढूळ मिश्रण हळूहळू ओतायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. माझा ठिपका जवळजवळ ओतल्या ओतल्याच गेला. निम्मं नळाचं पाणी मिसळून पुन्हा केलं, आकडा दुप्पट केला, १४० आलं. हवं होतं ३० ते ५०.

यावर उपाय एकच, पाणी बदलणं. पण जुनं लायनर पूर्ण रिकामं केलं तर ते आक्रसतं आणि परत भरताना तळाच्या कडेला फाटू शकतं, शिवाय पाण्याचा भार नसला की पत्र्याची भिंत वाऱ्याला डगमगते. म्हणून मी दर वेळी एक तृतीयांश पाणी काढलं, भरलं, पंप चालवून मिसळू दिलं, असं तीनदा. १४० चं ४० च्या आसपास आलं. काढलेलं पाणी गवतावर सोडण्याआधी त्यातलं क्लोरीन उतरू दिलं.

मग गोळ्या बंद आणि साधं द्रवरूप क्लोरीन सुरू. १० टक्क्यांच्या एका गॅलनने आमच्या पूलमध्ये ७ पीपीएमहून थोडं जास्त चढतं. क्लोरीन १६ वर नेलं आणि दिवसातून तीनदा मोजून तिथेच टिकवलं, ब्रशने भिंती घासल्या. दुसऱ्या दिवशी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी, ताकासारखं झालं. सहाव्या दिवशी रात्री आणि सकाळी घेतलेल्या मापात एका पीपीएमपेक्षा कमी फरक आला, म्हणजे क्लोरीन खाणारं काही उरलं नव्हतं. पण पाणी ताकच राहिलं.

तेव्हा आई साताऱ्याहून आली होती. ती या पूलला हौद म्हणते. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून ती विहिरीत पोहायला शिकली, त्यामुळे पाण्याबद्दल तिचा शब्द मी हलक्यात घेत नाही. काठाशी उभी राहून म्हणाली, "अगं, गाळ वर आलाय नुसता. तुरटी का नाही फिरवत?" मी शोधलं तर दुकानात फ्लॉक म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा तुरटीच्याच कुळातलं ॲल्युमिनियम सल्फेट असतं! ते घातलं, पंप रात्रभर बंद ठेवला. सकाळी वरचं पाणी निवळलं होतं आणि तळाशी राखाडी साय बसली होती. ती व्हॅक्यूमने काढताना फिल्टरचा व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवावा लागतो, म्हणजे गाळ थेट बाहेर जातो. वाळूच्या फिल्टरमधून नेला तर वाळूच चिकटून बसते. यात थोडं पाणी जातं आणि फ्लॉकमुळे पीएचही (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) उतरतो, तोही मोजून पुन्हा वर आणावा लागतो. त्या दिवशी तळाशी पडलेला स्क्रू मला काठावरून दिसला. आई संध्याकाळी पाण्यात उतरली ती तासभर बाहेर आली नाही.

पाणी निवळायला इतका वेळ का लागला त्याचंही कारण मिळालं. फिल्टरमधून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाखाली मला रोज वाळूची छोटी रास दिसायची, मला वाटायचं मुलं पायाने आणतात. फिल्टर उघडला तर तळाच्या बोटांसारख्या नळ्यांपैकी एक तुटलेली होती आणि वाळूचे गोळे झालेले. नवी नळी बसवून पावणेदोनशे पौंड नवी वाळू भरली. वाळू ओतण्याआधी टाकीत निम्मं पाणी भरायचं, नाहीतर वजनाने नळ्या पुन्हा तुटतात, आणि मधल्या उभ्या पाइपचं तोंड चिकटपट्टीने झाकायचं. तेव्हापासून काट्यावरचा दाब फिल्टर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (काट्यावरचं दाबाचं एकक) चढला की फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुते, उगाच दर आठवड्याला नाही.

सप्टेंबरमध्ये पाणी रोज इंचभर उतरायला लागलं. पायरीवर पाण्याची बादली ठेवली, बादलीच्या आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवली. २४ तासांत बादलीतलं पाणी पाव इंच खाली, पूलचं एक इंच. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं, म्हणजे जुन्या लायनरला गळती. आमच्या पूलमध्ये एक इंच म्हणजे २८० गॅलन.

लायनर बदलायचं काम या मे महिन्यात आम्ही घरीच केलं, दोघं आणि दोन मित्र. ठेकेदाराची मजुरी नव्या लायनरच्या तिप्पट होती. काम कठीण नाही, पण घाईचं नाही आणि एकट्याचं तर मुळीच नाही. वरच्या पट्ट्या काढल्यावर भिंत हाताला लटपटते, वारा असेल तर काम सुरूच करू नका. जुनं लायनर सुरीने पट्ट्या कापून काढलं. खाली दोन ठिकाणी लव्हाळ्याचे टोकदार कोंब वाळूतून वर आले होते, एक तर आरपार. ते मुळासकट खणून काढले, नवी वाळू थापीने सपाट केली. स्किमर, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड, त्याच्या भोकाभोवती पत्र्याला गंजाचे पोपडे होते. तारेच्या ब्रशने घासून, गंज थांबवणारं द्रव लावून, वर जस्ताचा रंग दिला आणि ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बसवली. भिंतीच्या जोडाचे बोल्ट जाड चिकटपट्टीने झाकले.

सगळ्यात बघण्यासारखं होतं ते लायनर बसताना. भिंत आणि लायनरच्या मध्ये व्हॅक्यूमची नळी घातली, फटी टेपने बंद केल्या आणि मशीन सुरू केलं. लायनर हळूहळू मागे ओढलं जाऊन भिंतीला चिकटलं, तळाच्या चुण्या डोळ्यांदेखत विरल्या. उरलेल्या आम्ही अनवाणी पायांनी कडेला सारल्या. तळाला काही इंच पाणी येईपर्यंत मशीन बंद करायचं नाही. स्किमर आणि परतीच्या तोंडाची भोकं मात्र पाणी जवळ पोचल्याशिवाय कापू नका. पाण्याच्या वजनाने लायनर अजून खाली सरकतं, आधी कापलं तर भोक चुकीच्या जागी जातं. बागेच्या नळीने भरायला ३० तास लागले.

सुरक्षेबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर विजेचा झटका बसू नये म्हणून भिंत आणि पंप यांना जोडणारी ८ गेजची तांब्याची तार एका टोकाला सुटलेली निघाली. पाण्यात उतरण्याआधी ही तपासून घ्याच. आमची धाकटी चार वर्षांची आहे, त्यामुळे शिडी रोज वर उचलून कुलूप लावतो. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ४८ इंच आणि त्याहून उंच अशा सुमारे ५० लाख पूलांचा रिकॉल (धोका असल्याने माल परत घेणं किंवा दुरुस्त करून देणं) जाहीर झाला, कारण पूलच्या उभ्या पायांना बाहेरून आवळलेल्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मूल वर चढू शकतं. त्यात नऊ मुलं गेल्याची नोंद आहे. आमचा पूल तसला नाही, तरी बातमी वाचून मी पंप आणि खुर्च्या भिंतीपासून लांब हलवल्या. आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची (क्लोरीनचाच दुसरा प्रकार) पूड कधीही एका डब्यात, एका चमच्याने हाताळू नका, पेट घेतात.

दुसरा उन्हाळा शांत गेला. रोज संध्याकाळी दोन मिनिटं क्लोरीन, आठवड्याला पीएच, महिन्याला बाकीचं. क्षारता (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) कमी झाली तर खायचा सोडा, साधारण दोन पौंडांनी १० पीपीएम वाढते. एकही जादूची बाटली घेतली नाही.

परवा पानं गळायला लागली तसं बंद केलं. पाणी स्किमरखाली उतरवलं, पंप आणि फिल्टर कोरडे केले, मधोमध हवेची उशी ठेवली म्हणजे बर्फाचा जोर तिच्यावर येतो, भिंतीवर नाही, आणि झाकण तारेने आवळलं. झाकण्याआधी शेवटचे थेंब मोजले. किट तळघरात आणून ठेवलंय, थंडीत औषधं बिघडतात. वसंतात भिंतीच्या काठावरच्या तीन फुटक्या टोप्या आणि पंपाच्या झाकणाची रिंग बदलायची आहे.