नळकांडं दिलं टायटॅनियमचं म्हणून, आणि नेलं माझं कॅट

एक्झॉस्ट अपग्रेडमध्ये लोक नव्या पाइपवर नजर ठेवतात. मला ज्याने गंडवलं त्याचा डोळा पहिल्यापासून जुन्या कॅटवर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) होता, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. हे सगळं लिहितोय ते एवढ्यासाठीच.

गाडी दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, लाडाने जिला मियाटा म्हणतात ती. टर्बो नाही, मागची चाकं ओढतात, आणि खाली शिरून काम करायला एवढी सोपी स्पोर्ट्स कार क्वचितच मिळेल. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच सगळं मीच करतो. विक्रेत्याने ‘फुल टायटॅनियम सिस्टिम, सोबत हाय-फ्लो कॅट’ (म्हणजे धूर कमी अडवणारं) असा सेट दाखवला, बोलायला गोड, आणि वर एक्स्चेंजची सवलत: जुनं एक्झॉस्ट, कॅटसकट, परत पाठवलं तर किंमत बरीच खाली. बहुतेकांच्या गॅरेजमध्ये जुनं लोखंड नुसतं अडगळ होऊन पडतं, तेव्हा ही सवलत कोणालाही गोडच वाटणार.

आता हे कॅट काय असतं ते बघा. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. कारखान्याच्या मूळ कॅटमध्ये हा थर स्वस्तातल्या बदली कॅटपेक्षा सहसा बराच जास्त असतो. म्हणून तर गाड्यांखालून कॅट कापून नेणारे चोर आहेत. माझ्या बाबतीत कापायचीही गरज पडली नाही. गंजलेले बोल्ट तेल पाजून, तापवून मीच सोडवले, मीच पॅक केलं आणि मीच पाठवून दिलं.

नवा सेट बसला झकास. फ्लँज जुळले, हँगरची रबरं जागेवर बसली, गॅस्केट नवी. सोबत एक लांबट नळीसारखा अडॅप्टर होता, मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली (कॅटनंतर धुरातला ऑक्सिजन बघतो तो) लावायचा. ‘सेन्सरला उष्णता कमी लागते,’ असं कारण दिलं होतं. ही शुद्ध थाप. त्या अडॅप्टरने सेन्सर धुराच्या प्रवाहातून बाहेर ओढला जातो, म्हणजे कॅट काम करत नसलं तरी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते पटकन कळत नाही. ज्याचं कॅट खरं आहे त्याला हा तुकडा द्यायचं कारणच काय? तुमच्या खोक्यात तो निघाला तर बोल्टला हात लावायच्या आधी विचारा.

आवाज वाढला, आणि आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते. कान फार भोळे. थोड्या दिवसांनी गाडी उभी असताना डोळे चुरचुरायला लागले, पेट्रोलचा कच्चा वास यायला लागला. मग अडॅप्टर असूनही इंजिनचा दिवा लागला, कोड पी०४२०, म्हणजे कॅटची कार्यक्षमता मर्यादेखाली. स्कॅनरवर लाइव्ह आकडे लावले. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सतत खालीवर होतं, ते तसंच असायला हवं. पण चांगल्या कॅटच्या मागचा सेन्सर गरम इंजिनावर बऱ्यापैकी एका जागी राहतो. माझा पुढच्याच्या मागोमाग नाचत होता. सेन्सर काढून भोकातून एंडोस्कोपचा कॅमेरा आत घातला. जाळी नाहीच! डब्याच्या आत एक भोकं पाडलेला सरळ पाइप, आणि त्याच्याभोवती काचेची लोकर.

मग ‘टायटॅनियम’ही तपासलं. लोहचुंबक घट्ट चिकटला, म्हणजे विषय तिथेच संपला. (उलटं मात्र गृहीत धरू नका. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून न चिकटला तर ते टायटॅनियमच असं नाही.) टोकाची टिप सोडवून काट्याला टांगली, आधी हवेत, मग पाण्यात पूर्ण बुडवून. हवेतल्या वजनाला दोन वजनांच्या फरकाने भागलं की पाण्याच्या तुलनेत घनता मिळते. टायटॅनियमची ४.५ यायला हवी, माझी आली पावणेआठच्या आसपास. म्हणजे पोलाद. आणि तो निळा-जांभळा रंग, जो टायटॅनियम तापून येतो म्हणे, तो थिनरच्या फडक्यावर उतरला. खाली करडा पत्रा, वेल्डच्या कडेला गंजाची सुरुवात.

विक्रेत्याने डायनोचा (गाडीची ताकद मोजायच्या यंत्राचा) आलेखही पाठवला होता, तो आता नीट बघितला. उभी रेघ शून्यापासून सुरूच होत नाही, त्यामुळे छोटा फरक डोंगराएवढा दिसतो. तापमान, गिअर, करेक्शन फॅक्टर (हवामानानुसार आकडा दुरुस्त करणारा गुणक) यांची ओळ कापलेली. एक रेघ चाकांवरची आणि दुसरी इंजिनावरची ठेवली तरी कागदावर दहा-पंधरा टक्के ताकद फुकट वाढते. टर्बो नसलेल्या लहान इंजिनावर नुसतं एक्झॉस्ट बदलून पंचवीस हॉर्सपॉवर वाढवून देतो म्हणणारा खोटंच बोलतोय, समजा. चार-पाच मिळाले तरी खूप.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: ‘तुम्ही स्वतः बसवलंत ना? मग वॉरंटी नाही.’ रिकामा डबा मी बसवला काय किंवा मेकॅनिकने काय, तो भरणार होता का? निदान माझं मूळ कॅट परत द्या म्हटलं, तर ‘ते स्क्रॅपला गेलं.’ पैशांचा काही भाग बऱ्याच तगाद्यानंतर सुटला. कॅट गेलं ते गेलंच, आणि नव्याचा खर्च सवलतीच्या कितीतरी पट.

माझ्याकडे एकच धागा होता. मूळ कॅटच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो, आणि काम करताना काढलेल्या एका फोटोत तो अर्धवट दिसत होता. अर्धवट नंबरावर कोणी काही करत नाही. तुम्ही पूर्ण नंबराचा स्वच्छ फोटो काढा, बिलावर ‘कॅट आतून भरलेलं, मटेरियल अमुक’ असं लिहून घ्या, आणि नव्या कॅटमध्ये सेन्सरच्या भोकातून कॅमेरा आत घालून बघितल्याशिवाय जुना सेट घराबाहेर काढू नका. एक्स्चेंजची मुदत संपतेय म्हणून फोनवर फोन आले तर येऊ देत. अनेक देशांत मूळचं कॅट काढून गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे, तेव्हा तपासणीत नापास झालात तर दंड तुमच्या नावावर निघतो, त्याच्या नाही.