नोकरी सोडून केलेला अभिनय-लेखनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम : एक परीक्षण

अकरा वर्षे एका मोठ्या कंपनीत आर्थिक नियोजनाचे काम केल्यानंतर मी राजीनामा दिला आणि अभिनय व लेखन एकत्र शिकवणाऱ्या वर्षभराच्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. वर्गातले बहुतेक जण माझ्यासारखेच नोकरीतून आलेले होते, आणि त्याच विचारात असलेल्यांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

अभ्यासक्रमाचे खरे बळ पहिल्या चार महिन्यांत आहे. अमेरिकी अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नर यांनी घडवलेला पुनरावृत्तीचा सराव तिथे रोज करून घेतला जातो. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने दुसऱ्याविषयी जे दिसते ते एका वाक्यात सांगायचे, दुसऱ्याने तेच वाक्य परत म्हणायचे आणि समोरच्याच्या वागण्यामुळे ते वाक्य आपोआप बदलेपर्यंत हे चालू ठेवायचे. कार्यालयातल्या बैठकांत समोरच्याचे बोलणे संपण्याआधीच उत्तर जुळवण्याची सवय माझ्यात इतकी मुरली होती की पहिले काही आठवडे मी जोडीदाराचे ऐकतच नव्हते, फक्त पुढच्या ओळीची तयारी करत होते. सहाव्या आठवड्यात एकदा त्याच्या आवाजातला थकवा मला जाणवला आणि माझाही आवाज नकळत खाली आला. केवळ त्या एका दिवसासाठी मी या शिक्षकांची ऋणी आहे. पुढे रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांच्या पद्धतीने पात्राची परिस्थिती आणि उद्दिष्ट शोधताना आणखी एक गोष्ट उलगडली : कार्यालयातल्या सादरीकरणात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, पात्राला मात्र प्रसंगाचा शेवट ठाऊक नसतो.

स्वतःची ऑडिशन स्वतः चित्रित करण्याचे दोन दिवसांचे सत्र थोडक्यात, पण नेमके होते.

लेखनाच्या भागाविषयी मात्र माझे समाधान झाले नाही. ठरलेल्या मांडणीत पटकथेचे एक पान पडद्यावर साधारण 1 मिनिट चालते, हे समजल्यावर माझे सात पानांचे स्वयंपाकघरातले भांडण किती लांबले आहे ते लगेच दिसले, आणि सहाध्यायांनी ते मोठ्याने वाचल्यावर माझी पात्रे अहवालाच्या भाषेत बोलतात हेही कळले. पण पुनर्लेखन कसे करावे, हे सांगायला चोवीस जणांमागे एकच शिक्षक होते आणि मसुदे दोन ओळींचा शेरा घेऊन परत येत. लेखन हे मुख्यतः पुनर्लेखनच असल्यामुळे ही उणीव मी किरकोळ मानत नाही.

त्याहून गंभीर उणीव व्यवसायाच्या शिक्षणाची आहे. लेखनाचे हक्क कायमचे हस्तांतरित होतात की ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिले जातात, पुनर्लेखनाचे वेगळे मानधन मिळते का, श्रेयनामावलीत नाव कसे येईल, यावर वर्षभरात एकही तास झाला नाही, आणि माझ्या पहिल्या पटकथेचा करार हाती आला तेव्हा मला तो वकिलाकडून समजून घ्यावा लागला. दरमहा पगाराची सवय असलेल्या माणसाला दोन कामांमधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेबही कोणीतरी शिकवायला हवा होता.

प्रवेशाचा विचार करणाऱ्यांना माझी शिफारस आहे, पण त्यासाठी लगेच राजीनामा देऊ नये. अभिनयाचा हाच पाठ्यक्रम शनिवार-रविवारच्या तुकडीतही, थोड्या संथ गतीने, त्याच शिक्षकांकडून शिकवला जातो. लेखनासाठी येणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी एका मसुद्यावर किती वेळा सविस्तर चर्चा होईल, हे लेखी विचारून घ्यावे.